सरांनी पाठवलेली चौदा पानं

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

त्यांना पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकवणारे सर पाच महिन्यांपूर्वी गेले. पहिल्याच सत्रात या शिक्षण सोडायला निघाल्या होत्या. सरांनी थांबवलं, वर्ष-दीड वर्ष तासानंतर बसवून शिकवलं, पहिली नोकरीही त्यांच्याच शिफारशीवर लागली. पुढे वीस वर्षं संपर्क होता, शेवटच्या दोन वर्षांत तो विरळ झाला. जाण्याच्या तीन महिने आधी सरांनी एका लेखाचा कच्चा खर्डा ईमेलने पाठवला. चौदा पानं. सोबत एवढंच, 'सवडीने वाचून कळव. घाई नाही.' यांनी लगेच उत्तर दिलं, 'या आठवड्यात नक्की वाचते, सर.' वाचला नाही. सर गेल्याचं जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. फाइल अजून उघडलेली नाही, उघडवत नाही. आता ग्रुपने स्मृतिग्रंथ काढायचं ठरवलं आहे आणि 'तू सरांची लाडकी' म्हणून संपादन आणि पहिला लेख यांच्यावर सोपवला आहे. घरचे म्हणतात, 'सरच होते ना, किती दिवस मनाला लावून घेणार?' त्यातच एका वर्गमैत्रिणीने लेख पाठवला आहे. सर भर वर्गात तिच्या उच्चारांवरून टोमणे मारायचे, त्याबद्दलचा. ग्रुपचं म्हणणं, गेलेल्या माणसाबद्दल असलं छापायचं नाही. पत्राच्या शेवटी दोन वाक्यं आहेत: 'ती म्हणते ते खरं आहे. तेव्हा आम्ही सगळे हसायचो.' त्यांचे प्रश्न असे: मला लिहायचा हक्क आहे का, संपादनाला नकार देऊ का, आणि मैत्रिणीच्या लेखाचं काय करू?

नमस्कार.

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण पत्रातली खरी ठसठस चौथ्याच गोष्टीची आहे, त्या न उघडलेल्या फाइलची. तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं तिथेच अडकली आहेत.

'घाई नाही' असं सरांनी लिहिलं तेव्हा त्याचा अर्थ घाई नाही एवढाच होता. ते गेल्यावर तुम्ही त्या दोन शब्दांची अंतिम इच्छा करून टाकलीत. सर रोज मेल उघडून तुमच्या उत्तराची वाट बघत होते, असं चित्र तुम्ही रंगवलं आहे, पण त्याला पत्रात काही आधार सापडत नाही. आयुष्यभर वह्या आणि प्रबंध तपासलेल्या माणसाला विद्यार्थी वेळेवर काही देत नाहीत हे नवं नसतं. तोच खर्डा त्यांनी आणखी दोघा-तिघांनाही पाठवला असेल. ग्रुपवर एकदा विचारून बघा. 'मलाही आला होता आणि मीही वाचला नाही' असं सांगणारं कुणी निघालं तर मला नवल वाटणार नाही.

तुमची काहीच चूक नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे पाच महिन्यांत पुष्कळ भेटले असतील आणि त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. चूक झाली, पण ती 'वाचते' म्हणून न वाचण्याएवढीच. सर असते तर चौथ्या-पाचव्या महिन्यात तुम्ही 'सॉरी सर, फारच उशीर झाला' असं कळवलं असतं, त्यांनी एखादा चिमटा काढला असता आणि विषय मिटला असता. आता तसं कळवायला समोर माणूस उरला नाही, म्हणून तेवढीशी चूक डोंगराएवढी दिसते आहे. पण चौदा पानं अजून आहेत, आणि ती वाचून कळवायचं काम तुम्हालाच सांगितलेलं आहे. त्याकडे शेवटी परत येते.

घरच्यांचं 'सरच होते ना' मनावर घेऊ नका, पण त्यांच्यावर रागावूही नका. अमेरिकेतल्या केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकाला एक नाव दिलं. मराठीत त्याला समाजाने न मोजलेला शोक म्हणता येईल. नातं रक्ताचं किंवा लग्नाचं नसलं की रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही, तुम्हाला किती लागलंय हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मग दुःख करणाऱ्यालाच वाटू लागतं की आपण जरा जास्तच करतोय. गंमत म्हणजे आपल्या भाषेत हे नातं मोजलेलं आहे. एकाच गुरूपाशी शिकलेल्यांना आपण गुरुबंधू, गुरुभगिनी म्हणतो. तेव्हा हे दुःख घरच्यांना समजावत बसण्यापेक्षा ज्यांचं ते आहे त्यांच्यापाशी बोला. ग्रुपवर नको. तिथे फुलांचे इमोजी येतात. एका कुणाला तरी फोन करा.

आणि हो, कुणी दुःखाच्या पाच टप्प्यांचा तक्ता फॉरवर्ड केला, तर त्यात आपण कुठे बसतो हे शोधू नका. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. पाच महिन्यांनी एखादी मेल उघडवत नसेल तर तो आजार नाही. रोजची कामं होईनाशी झाली, झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं, सगळा दिवस त्याच एका विचारात जाऊ लागला आणि हे महिनोन् महिने हटलं नाही, तर मात्र समुपदेशकाकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित यादीत प्रौढांसाठी ती एक वर्षाची आहे. तुमच्या पत्रात मला तशी लक्षणं दिसली नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणात असतील, म्हणून लिहिलं.

आता हक्काचं. स्मृतिग्रंथ म्हणजे लाडक्या विद्यार्थ्याला मिळणारा मान, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि ती फाइल न उघडल्यामुळे आपण त्या मानाला मुकलो असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते असा ग्रंथ ही हमाली आहे. लोकांच्या मागे लागायचं, वह्या गोळा करायच्या, तारखा जुळवायच्या. तिला हक्क लागत नाही, चिकाटी लागते.

तुमचे सर भाषाविज्ञानाचे, त्यामुळे आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्या फेर्दिनां द सोस्यूरची गोष्ट त्यांनी वर्गात सांगितलीच असेल. तरी पुन्हा सांगते, कारण यावेळी ती तुमच्यासाठी आहे. जिनिव्हा विद्यापीठात सोस्यूरने १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम तीनदा शिकवला. १९१३ मध्ये तो वारला. त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक करायला शार्ल बाय्यी आणि आल्बेर सेशये हे दोघे सहकारी पुढे झाले. टिपणं शोधायला गेले तर हाती जवळजवळ काहीच लागलं नाही, कारण व्याख्यानांचे खर्डे तो फाडून टाकायचा. आणि या दोघांपैकी एकानेही ते वर्ग स्वतः ऐकले नव्हते! त्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या मिळवल्या, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि १९१६ मध्ये पुस्तक काढलं. आज सोस्यूर म्हणून जगभर जो वाचला जातो तो मुख्यतः त्या वह्यांमधला आहे. संपादकांनी सरमिसळ केली, आपल्या पदरची भर घातली, अशी टीका पुढे झाली आणि तीही रास्त होती. पण त्यांनी 'आम्ही तर वर्गातही नव्हतो, आम्हाला काय हक्क' असं म्हटलं असतं तर टीका करायलाही काही उरलं नसतं.

या गोष्टीचं शेपूट मला जास्त आवडतं. एमिल कॉन्स्तांतँ नावाचा एक विद्यार्थी तिसऱ्या अभ्यासक्रमाला बसला होता. त्याच्या वह्या सगळ्यांत भरगच्च, पण संपादकांना त्यांचा पत्ताच नव्हता. त्या ग्रंथालयात पोचल्या १९५८ साली, पुस्तक निघाल्यावर बेचाळीस वर्षांनी. तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा कॉन्स्तांतँ असणार. ग्रुपवर कधी काही न लिहिणारा, पण सगळे तास उतरवून घेतलेल्या वह्या माळ्यावर ठेवलेला. संपादक म्हणून तुमचं पहिलं काम त्याला गाठणं.

म्हणून नकार देऊ नका, पण अटी घाला. एकटीने करू नका, सोबत दोघं तरी घ्या आणि त्यातला एक सरांचा 'लाडका' नसलेला असू द्या. पहिला लेख तुम्हीच लिहिला पाहिजे असंही नाही. वर्षश्राद्धाला ग्रंथ निघालाच पाहिजे, असली मुदत मुळीच स्वीकारू नका.

लेख कसे मागवता, यावर ग्रंथ कसा होणार ते ठरतं. मी एकदा अशाच एका स्मरणिकेची मुद्रितं तपासली होती. तीसेक लेख. निम्म्याहून अधिकांत ते शिक्षक 'फणसासारखे, बाहेरून काटेरी आतून गोड' होते. उरलेल्यांत ते अजातशत्रू होते आणि त्यांच्या जाण्याने 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण झाली होती. पोकळी हा शब्द मी मोजला, सतरा वेळा आला. नाव बदललं असतं तर ते सगळे लेख कुठल्याही शिक्षकाला चालले असते. एकच लेख वेगळा होता. लिहिणाऱ्याने सांगितलं होतं की सर खडू संपत आला की तो तुकडा टाकायचे नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा तळाशी पांढरा असायचा, आणि घरी ते तुकडे एका डब्यात जमा व्हायचे. मी त्या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं. आजही ते मला त्या खिशासकट दिसतात.

तेव्हा 'आपल्या आठवणी पाचशे शब्दांत पाठवा' असा निरोप टाकू नका, फणस येतील. प्रश्न विचारा. सर वारंवार म्हणायचे असं एक वाक्य कोणतं, आणि ते तुम्हाला उद्देशून पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तुम्ही काय चुकला होतात? तुमच्या निबंधाच्या समासात त्यांनी काय लिहिलं होतं? सापडला तर फोटो पाठवा. त्यांचं कोणतं मत तुम्हाला कधीच पटलं नाही? आज काम करताना त्यांच्यामुळे तुम्ही कोणती गोष्ट वेगळी करता? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत भारी, कारण त्याला 'थोर' या शब्दाने उत्तर देता येत नाही. माझ्या एका शिक्षिका परिच्छेदाला अधोरेखा मारून शेजारी फक्त 'म्हणजे काय?' लिहायच्या. वीस-बावीस वर्षं झाली, अजून मी लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा त्यांच्या हिरव्या शाईने वाचते. (हे उत्तरही वाचलं. तीन परिच्छेद गेले.) ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांना फोन करा आणि रेकॉर्ड करा. बोलताना लोक फणसाच्या वाटेला कमी जातात.

आता तुमच्या मैत्रिणीचा लेख. ग्रुप म्हणतो छापू नये, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मग अडचण सत्याची नाही, सोयीची आहे. स्मृतिग्रंथ म्हणजे वर्तणुकीचा दाखला, ही समजूत त्यामागे आहे. मला त्या लेखात तुम्हाला वाटतं त्याहून जास्त काही दिसतं. भाषाविज्ञानाच्या पहिल्या काही तासांतच शिकवतात की कुठलीही बोली अशुद्ध नसते, भाषेचा अभ्यासक ती नोंदवतो, तिला नावं ठेवत नाही. तेच शिकवणारा माणूस एका मुलीच्या उच्चारांवर वर्ग हसवत होता. हे कटू आहे, पण सरांच्या संपूर्ण चित्रात ते बसतं. ज्यांनी तुम्हाला तासानंतर बसवून शिकवलं आणि ज्यांनी तिला भर वर्गात खाली बघायला लावलं, ते दोन सर नव्हते.

ग्रुपचीही एक बाजू आहे, ती उडवून लावू नका. सर आता उत्तर देऊ शकत नाहीत, आणि घरच्यांची जखम ताजी आहे. म्हणून ऐकीव गोष्टी, 'असं म्हणतात' छापाच्या, ठामपणे वगळा. पण स्वतःवर गुदरलेलं स्वतःच्या नावाने लिहायला कुणी तयार असेल तर ते ऐकीव नाही. आधी तिला विचारा की तिला काय हवंय. कदाचित छापून यावं असं तिला वाटत असेल. कदाचित वर्गातल्या कुणीतरी एकदा 'हो, असं झालं होतं' म्हणावं, एवढंच पुरे असेल. परस्पर तिचा लेख मवाळ करू नका. त्याखाली 'तथापि सरांचा हेतू चांगला होता' अशी संपादकीय टीप तर अजिबात नको. सरांच्या पत्नींना छापण्याआधी सांगा. परवानगी म्हणून नव्हे, छापील पानावर त्यांना ते अचानक भेटू नये म्हणून. तुमच्या पत्रावरून गोष्ट टोमण्यांची दिसते, ते धरूनच मी हे लिहिते आहे. त्याहून गंभीर काही असतं तर आधी ग्रंथ बाजूला ठेवा, असं सांगितलं असतं.

आणि तुमचं ते शेवटचं वाक्य, 'तेव्हा आम्ही सगळे हसायचो.' मला वाटतं फाइलचं ओझं तुम्ही इतकं वाहताय त्यात थोडं याचंही असेल. सरांना आता काही कळवता येत नाही, मैत्रिणीला येतं. तिचा नंबर तुमच्याकडे आहे. तुमचा लेख तिथूनच सुरू झाला तर तो फणस होणार नाही, एवढं नक्की.

काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या शोकात सुचत नाहीत. सरांनी ड्राइव्हवर शेअर केलेल्या फाइल असतील तर आजच स्वतःच्या प्रती काढून ठेवा. त्या फाइल त्यांच्या खात्याच्या मालकीच्या असतात आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. मेलला जोडून आलेली फाइल तुमच्याच पेटीत असते, ती जाणार नाही. कॅसेटवर व्याख्यानं असतील तर आधी ती डिजिटल करून घ्या, वह्या थोडं थांबू शकतात, चुंबकीय फीत थांबत नाही. वह्या स्कॅन करताना टाचण्या काढा, गंजतात. आणि सरांनी तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी त्यातला मजकूर छापायचा अधिकार त्यांच्या वारसांकडे जातो, तोही लेखकाच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षं, काही देशांत साठ किंवा सत्तर. त्या चौदा पानांनाही हेच लागू.

पुस्तकांचं कपाट कुठल्याशा ग्रंथालयाला देऊ, असं सरांच्या घरी कुणी बोलून बसू नका. ग्रंथालयांना जागा नसते, दुसरी प्रत नको असते, आणि नकार आला की तो घरच्यांना लागतो. आधी यादी करा, मग विचारा. समासात टिपणं असलेली पुस्तकं वेगळी काढा, त्यांचं मोल निराळं. सरांच्या नावे पारितोषिक ठेवायचं घाटत असेल तर दरवर्षी द्यायच्या रकमेच्या वीसपट तरी मुद्दल हवं, तेही पाच टक्के व्याज धरून, आणि महागाई त्यातून खातेच. जमत नसेल तर दरवर्षी एका विद्यार्थ्याला तासानंतर बसवून शिकवणारं कुणी ग्रुपमधून निघतं का पाहा. त्याला मुद्दल लागत नाही.

राहिली फाइल. ती छापून घ्या, पडद्यावर वाचू नका. पेन्सिल घ्या आणि सरांनी तुम्हाला जसं वाचायला शिकवलं तसं वाचा. आदराने नको, नीट वाचा. नवव्या पानावर युक्तिवाद पटला नाही तर समासात तसं लिहा. एखादं उदाहरण फसलं असेल तर खूण करा. वाचून कळव, असं त्यांनी सांगितलं होतं, छान आहे असं कळव म्हणाले नव्हते. लेख पुरा होण्याजोगा वाटला तर घरच्यांच्या संमतीने ग्रंथात घ्या, अपुरा आहे असं स्पष्ट सांगून, तुमच्या दुरुस्त्या तळटिपांत वेगळ्या ठेवून. बाय्यी आणि सेशयेंनी हे केलं नाही म्हणूनच पुढे अभ्यासकांना इतकी उकल करत बसावं लागलं.

पत्रात तुम्ही जाता जाता असंही लिहिलंय की काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, फोन करायचा राहून गेलाय, आता पाच महिन्यांनी कुठल्या तोंडाने करू. करा. पहिल्या पंधरा दिवसांतले फोन कुणाला आठवतही नाहीत, पाचव्या महिन्यात फोन येणं बंद झालेलं असतं. पण त्याआधी ती चौदा पानं वाचून ठेवा. बोलता बोलता त्या विचारतील, 'ते शेवटी काहीतरी लिहीत होते, तुला पाठवलं होतं का गं?'